आत्मारामचा कान

रत्नागिरीत गोखले नाक्याजवळ, एका जिन्याखालच्या खोलीत आत्माराम शिवलकर रेडिओ दुरुस्त करायचा. खोली इतकी अरुंद की दोन गिऱ्हाइकं एकदम आली तर एकानं बाहेर पायरीवर थांबायचं. पण माणसं थांबायची. कारण आत्मारामला मीटर लागत नाही, नुसता कान लावून तो आतलं काय गेलंय ते सांगतो, अशी सगळीकडे ख्याती झाली होती. हे पूर्ण खरं नव्हतं. मीटर तो वापरायचाच. पण आधी बोट वर करून सगळ्यांना गप्प करायचा, डोळे मिटायचा, आणि मग जे सांगायचा ते बहुतेक वेळा बरोबर निघायचं. त्या कानावर त्याचं दुकान चालत होतं, घर चालत होतं, आणि गावात त्याला जो काही मान होता तोही त्या कानालाच होता.

सत्त्याऐंशी साली तो सत्तेचाळीस वर्षांचा होता, आणि कान जाऊन त्याला तीन वर्षं झाली होती.

एका दिवसात गेला नव्हता. वरून खाली जात गेला. आधी रातकिडे गेले. त्या वर्षी किडेच कमी झालेत असं त्याला वाटलं. मग परसातल्या जास्वंदीवरचे बारके पक्षी नुसतेच चोची उघडायला लागले. मग बोलण्यातला स, श आणि त झडून गेला, आणि माणसं जे बोलत ते त्याला गोल, गुळगुळीत, नदीतल्या गोट्यांसारखं ऐकू यायला लागलं. गेलेल्या आवाजांच्या जागी उजव्या कानात एक बारीक शिटी येऊन बसली. ती कधी उठून गेली नाही. वीस वर्षं त्यानं लग्नांना, गणपतींना, निवडणुकांच्या जीपगाड्यांना कर्णे पुरवले होते, आणि प्रत्येक कर्ण्याच्या तोंडाशी उभं राहून तो बरा वाजतोय का ते पाहिलं होतं. त्याची ही भरपाई असावी.

खालचे आवाज मात्र राहिले. उभ्या एसटीचं इंजिन, खाडीतल्या लाँचची धडधड, भाट्याच्या किनाऱ्यावर फुटणारी लाट. ते उलट वाढले. जग तळघरात उतरत चाललंय आणि आपण त्याच्याबरोबर उतरतोय, असं त्याला वाटायचं.

हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. ओठ बघून तो बोलणं पकडायचा. बायकोला, गोदाला, संशय होता, पण तिचा संशय टोमण्यापलीकडे गेला नाही. "कवाधरनं हाका मारतेय मी. कान काय भाट्याच्या वाळूत पुरून आलात?" म्हणायची. तो हसायचा. हसण्यानं बरंच निभावतं हे त्याला कळलं होतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर अण्णा मुळ्ये दुकानात आले. चिंतामणी मुळ्ये, भाट्याच्या बाजूला हापूसची बाग, वय बासष्ट. तरुणपणी भजनात पखवाज वाजवायचे. आता सांधे धरल्यामुळे वाजवणं सुटलं होतं, आणि आपल्या गुरुजींच्या वादनाच्या कॅसेटी ऐकणं एवढंच उरलं होतं. मस्कतहून धाकट्या भावानं त्यांना जपानी सेट आणून दिला होता: अॅम्प्लिफायर, डेक आणि पुस्तकाच्या फडताळात मावतील असे दोन छोटे स्पीकर.

"आत्मारामा," अण्णा पायरीवर बसत म्हणाले, "माझ्या पखवाजाला डावा हात नाही."

"म्हणजे?"

"अरे, उजवीकडच्या चाटेचा आवाज कसा लख्ख येतो. डावीकडच्या जड धुम्याचा येतच नाही. गुरुजी एका हातानं वाजवतायत असं वाटतं."

"छोटे स्पीकर आहेत, अण्णा. पाच इंचाचा कागदी पडदा किती हवा हलवणार."

अण्णांनी एका इंग्रजी मासिकात वाचलं होतं की यावर सबवूफर हा उपाय आहे. एक वेगळा मोठा खोका, त्याला वेगळा अॅम्प्लिफायर, आणि त्याचं काम फक्त तळाचे, जड आवाज काढणं. मासिकात दोन तऱ्हा होत्या, एक भोक ठेवलेला खोका आणि एक साफ बंद. अण्णांना भोकाचा हवा होता, कारण चित्रात तो जास्त दणकट दिसत होता.

"भोकाचा जोरात वाजतो," आत्माराम म्हणाला. "पण थाप पडून गेली तरी तो घुमत राहतो. लग्नात चालतं ते. तुम्हाला थाप जिथं थांबते तिथं थांबायला हवी. बंदच करू. बारा इंची स्पीकर एकच घेऊ, रबरी काठाचा."

हे सांगताना त्याला फार दिवसांनी बरं वाटलं. या कामात त्याला काही लपवावं लागणार नव्हतं. जे त्याला ऐकू येत होतं त्याचंच हे काम होतं.

खोका करायला महिना गेला. दुहेरी प्लायवूड, आत आडव्या पट्ट्या, सगळ्या सांध्यांना सरस आणि भुसा. आत भरायला त्यानं काथ्या घेतला, धुऊन, चार दिवस उन्हात वाळवून. खोका इतका जड झाला की अण्णांच्या बागेतले केरू आणि बाबल्या दोघं मिळून तो टेम्पोतून उतरवताना वाकले.

"आत्मारामा," केरू म्हणाला, "आत मयत घातलंस काय रं?"

"काथ्या आहे."

"मयताला पण काथ्यानंच बांधतात," केरू म्हणाला, आणि बाबल्या हसला. आत्मारामला ओठांवरून अर्धंच कळलं, पण तोही हसला.

अण्णांचा बंगला नवा होता. जांभ्याच्या भिंती, वर स्लॅब, खाली मोझेक. अशा खोलीत जड आवाज कुठं साचतो आणि कुठं नाहीसा होतो, हे बघून कळत नाही. आत्मारामची त्यावर एक रीत होती. त्यानं खोका अण्णांच्या खुर्चीवर चढवायला लावला, पखवाजाची कॅसेट लावली, आणि स्वतः गुडघ्यांवर येऊन भिंतीच्या कडेकडेनं रांगत निघाला. जिथं आवाज बरोबर लागेल तिथं शेवटी खोका ठेवायचा आणि खुर्ची पुन्हा अण्णांची.

दारात केरू आणि बाबल्या उभे राहून बघत होते. अण्णांची मुलगी हेमा, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची, पदराआड हसणाऱ्या आईला कोपरानं ढोसत होती. तिची आई, उमाताई, शेवटी म्हणाल्या, "अहो शिवलकर, गुडघे सोलतील. सतरंजी तरी घ्या."

"नको ताई. फरशी लागते."

फरशी त्याला खरोखरच लागत होती. तळवे टेकले की थाप हातातून वर यायची. कोपऱ्यात धुमा राक्षसासारखा माजला. उत्तरेच्या भिंतीच्या मध्यावर मात्र कुणी विहिरीत ढकलल्यासारखा तो नाहीसा झाला. तिथं आत्माराम जरा जास्तच वेळ थांबला. खोलीतल्या एका ठरावीक जागी आवाज असूनही नसतो, आणि तिथं बसलेल्या माणसाला तो नाही हे कळतसुद्धा नाही. ही गोष्ट त्याला आधीही माहीत होती. त्या दिवशी ती त्याला आवडली नाही. पूर्वेच्या खिडकीखाली, कोपऱ्यापासून दोन हात अलीकडे, थाप भरीव लागली आणि लगेच थांबली. त्यानं खडूनं फुली मारली.

मग खोका फुलीवर ठेवून त्याच्या तारा उलटसुलट करून पाहिल्या. एका बाजूनं खोका आणि छोटे स्पीकर एकमेकांचा आवाज खात होते. तारा बदलल्या की मधली पोकळी भरली. मग छोट्यांनी कुठं थांबायचं आणि मोठ्यानं कुठं सुरू करायचं ते ठरवलं, आणि शेवटी खोक्याचा आवाज कमी कमी करत आणला.

"अरे, कमी कशाला करतोस?" अण्णा म्हणाले.

"खोका वाजतोय हे कळता कामा नये, अण्णा. बंद केल्यावरच कळावं की काहीतरी गेलं."

अण्णांनी डोळे मिटले. गुरुजींचे दोन्ही हात आता खोलीत होते.

चूक झाली ती यानंतर. उमाताईंना भिंतीवर लोंबणाऱ्या तारा नको होत्या. आत्मारामनं त्या लाकडी पट्टीत घातल्या, आणि पट्टी एकच होती म्हणून डेककडून येणारी सिग्नलची बारीक तार आणि स्पीकरची जाड तार दोन्ही शेजारी शेजारी घातल्या. तसं करू नये हे त्याला पंचवीस वर्षं ठाऊक होतं. बारीक तार जाड तारेतलं उचलते आणि अॅम्प्लिफायर आपोआप शिटी घालायला लागतो. कधी घालतो, कधी नाही. झालंच तर ऐकू येतं आणि तारा वेगळ्या करायच्या, एवढाच त्याचा आजवरचा हिशेब होता.

त्यानं बटण लावलं. डोळे मिटून कॅसेटचं शेवटचं वादन ऐकलं. छान होतं.

"आत्मारामकाका," हेमा म्हणाली, "ही शिटी कसली?"

त्यानं तिचे ओठ पाहिले. पहिला विचार आला तो असा, की माझ्या कानातली शिटी या पोरीला कशी ऐकू आली? तो तिच्याकडे बघत राहिला. तिनं कपाळाला आठी घातली होती, एक बोट कानाशी होतं.

"कसली शिटी?" अण्णांनी विचारलं.

"अशी बारीक. सुईसारखी. आई, तुला नाही येत?"

"येतेय हो जराशी," उमाताई म्हणाल्या.

सगळे आत्मारामकडे बघायला लागले. दारातले दोघेसुद्धा. त्याला एवढंच म्हणायचं होतं, मला ऐकू येत नाही, पट्टी उघडतो. पण ते पहिले चार शब्द तोंडातून निघाले असते तर संध्याकाळपर्यंत गोखले नाक्यावर पोचले असते. त्यानं बोट वर केलं. डोळे मिटले. कानात शिटी होती, नेहमीची, त्याची स्वतःची. तिच्यामागे दुसरी कुणी आहे का, हे कळायला त्याच्याकडे काही साधन नव्हतं.

"टेपची आहे ती," तो म्हणाला. "जुन्या कॅसेटीत असतेच. आता सगळं उघडं ऐकू येतं, म्हणून जाणवते."

"ऐकलंस?" अण्णा हेमाला म्हणाले. "आत्मारामच्या कानाला शिकवायला निघालीस."

"शिकवत नाहीये, बाबा. पण कॅसेट तर संपलीय."

खरंच संपली होती. आत्मारामनं ते पाहिलं, आणि अण्णांनी पाहिलं नाही. तो पिशवी उचलून निघाला.

पुढचे चार दिवस त्यानं दुकानात काहीच धड केलं नाही. शिटी असेल तर छोट्या स्पीकरांतला सर्वांत बारका भाग, जो फक्त वरचे आवाज काढतो, तो आत तापत असणार. त्याची तार केसाएवढी. ती किती दिवस टिकेल याचा तो मनात अंदाज करत बसायचा आणि उठायचा नाही. जायचं तर काय सांगून जायचं? पाचव्या दिवशी, काहीतरी बारीकसारीक जुळवायचं राहिलंय असं सांगायचं ठरवून, तो भाट्याला गेला.

हेमा फाटकातच भेटली. "काका, तुमची शिटी काल बंद झाली बरं का. आपोआप."

"आपोआप?"

"हो ना. दुपारी एकदम. माझं डोकं दुखायचं थांबलं."

आत्मारामनं हातातली पिशवी खाली ठेवली. शिटी थांबली नव्हती. शिटी वाजवणारं मेलं होतं.

आत अण्णा खुर्चीत ऐकत बसले होते, खुशीत. आत्मारामनं सेट बंद केला, छोट्या स्पीकरची जाळी काढली आणि मीटरच्या दोन सळया बारक्या भागाला लावल्या. काटा हलला नाही. दुसऱ्यालाही हलला नाही. असले भाग रत्नागिरीत नव्हते, मुंबईत मिळतील याची खात्री नव्हती.

"काय बघतोस?"

आत्माराम जमिनीवर बसूनच बोलला. पुढं सरकून, हळू, पण सगळं. "अण्णा, वरचे दोन्ही जळले. त्या दिवशी हेमा म्हणाली ती शिटी खरी होती. तारा मी एकत्र घातल्या, त्याची होती. मला ती ऐकूच आली नाही. तीन वर्षं झाली, मला वरचं काही ऐकू येत नाही. मी खोटं बोललो."

अण्णांनी उघड्या स्पीकरकडे पाहिलं. मग म्हणाले, "शिटी होती?"

"होती."

"मलाही आली नाही."

"तुमचं वय झालं, अण्णा. सगळ्यांचंच जातं थोडं."

हे तो समजूत म्हणून बोलला. पण अण्णांचा चेहरा दार लावून घ्यावं तसा झाला. ज्या कानांवर त्यांनी चाळीस वर्षं तालाची जबाबदारी ठेवली होती, ते कान या बसलेल्या माणसाच्या कानांसारखेच आहेत, असं तो सांगत होता.

"लाव," अण्णा म्हणाले.

"अण्णा, वरचं गेलंय."

"तू लाव रे."

त्यानं लावलं. धुमा फरशीतून आला, भरीव, थांबणारा. बाकी बोटांची टोकं गेली होती, चाटेची धार गेली होती, असं असणार. त्याला ते फक्त माहीत होतं. अण्णा मान हलवत होते.

"काही गेलंय असं वाटत नाही," ते म्हणाले. "उलट गोड झालंय."

"मीटर सांगतो, अण्णा. गेलंय."

"मीटर राहू दे. तुझा कान काय सांगतो?"

अण्णा त्याच्याकडे बघत होते. रागानं नव्हे. ते विनवत होते हे आत्मारामला कळलं, आणि त्याची त्याला भीती वाटली. त्यानं मघाशी जे सांगितलं होतं ते या खोलीत कुणीच सांगितलेलं नाही, असं ठरून गेलं होतं. पुन्हा सांगितलं असतं तरी तेच झालं असतं.

उमाताई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. त्यांनी एकदा स्पीकरकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. "हे असं घोंगडीत बांधल्यासारखं काय वाजतंय?" असं काहीसं त्या म्हणाल्या असाव्यात. अण्णांनी मागं वळून पाहिलं नाही. त्या पायात चप्पल सरकवून बाहेर गेल्या. खिडकीतून त्या आणि हेमा माडांखाली उभ्या दिसल्या. दोघी या घराकडे पाठ करून बोलत होत्या, त्यामुळे त्यांचे ओठ दिसत नव्हते.

"बेस जरा वाढव," अण्णा म्हणाले.

आत्मारामनं वाढवला. काचेच्या कपाटातले पेले हलताना दिसले.

"अजून. हां. आता बघ." अण्णांनी खुर्चीच्या हातावर ठेका धरला. "परवा आठल्यांना बोलावलंय ऐकायला. त्यांच्याकडे मोठा सेट आहे. म्हटलं, आत्मारामशिवाय कुणाला हात लावू देऊ नका. आणि चिपळूणहून माझा मेहुणा येतोय, त्यालाही असा खोका हवाय. काय?"

"बरं," आत्माराम म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला छातीत लागला. मग तो जाळी परत बसवायला लागला, एकेक स्क्रू, काळजीपूर्वक, आत काही जिवंत असावं तसा.