गाडीच्या रेडिओचे चार आकडे

मला घाणीची शिसारी येते, आणि ही काही मिरवण्यासारखी गोष्ट नाही. शाळेत खडूची पूड बोटांना लागली तरी तास संपल्याबरोबर मी आधी नळावर जातो. बाकीचे शिक्षक हसतात, हसू देत. पण असल्या माणसाच्या अंगणात एक जुनी गाडी उभी होती आणि त्या गाडीत रोज सकाळी माझे वडील बसायचे.

वडील तलाठी होते. मोताळ्याच्या आसपासच्या चार-पाच गावांतल्या शेतांचे गट नंबर त्यांना अजून तोंडपाठ आहेत. काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू नेली. आता उजेड आहे की अंधार, एवढंच त्यांना कळतं. आई गेल्यानंतर त्यांनी घराबाहेर पडणंही सोडलं, आठवडी बाजार सुटला, पारावरची बैठक सुटली. राहिली ती गाडी.

सकाळचा चहा झाला की कपडे वाळत घालायची तार चाचपत ते गाडीपर्यंत जायचे आणि पुढच्या डाव्या सीटवर बसायचे. मी किल्ली अर्धी फिरवून द्यायचो. मग तास-दीड तास रेडिओ. बातम्या, बाजारभाव, शेतीचा कार्यक्रम, मधूनच एखादं गाणं. घरात ट्रान्झिस्टर आणून दिला होता, पण स्लॅबखाली तो नुसता खरखरायचा. मोबाइल हातात दिला तर भलत्याच माणसाला फोन लागायचा. गाडीच्या एरियलवर मात्र आवाज स्वच्छ यायचा. शेतावर निघालेली गल्लीतली माणसं खिडकीपाशी थांबून विचारायची, काका, सोयाबीन काय म्हणते? वडील भाव सांगायचे, वर हवामानही सांगायचे. तेवढा वेळ ते पुन्हा तलाठी असायचे.

आणि मला त्याचा वीट आला होता. सीटखाली शेंगांची टरफलं. काचेवर सुपारीचे शिंतोडे. डोकं टेकायच्या जागी खोबरेल तेलाचा चट्टा, आणि सगळ्या गाडीत बामाचा वास. रविवारी नाकाला रुमाल बांधून मी गाडी झाडायचो आणि झाडताना तोंडातल्या तोंडात बडबडायचो. आपल्याच बापाची किळस यावी का? येऊ नये. पण यायची.

सोयाबीन घरात येऊन पडलं होतं त्या दिवसांत एका सकाळी गाडी चालू होईना. किल्ली फिरवली की नुसती टकटक. मला शाळेच्या कामाने बुलडाण्याला पोचायचं होतं, उशीर झाला होता. वडील नेहमीसारखे शेजारी बसलेले, मांडीवर शेंगांची पुडी. मी म्हणालो, "तुमच्या रेडिओनं बॅटरी खाल्ली, बाबा. उतरा आता."

गल्लीने ऐकलं. वडिलांनी पुडीची घडी घालून खिशात ठेवली, दार चाचपून उघडलं आणि तार धरून आत गेले.

दुपारी चौफुलीवरचा बॅटरीवाला आला. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. जुन्या बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरा फेस वाळून बसला होता, तो त्याने नखाने खरवडला आणि तेच बोट गालात घालून खर्रा सारखा केला. नवी बॅटरी बसली, गाडी चालूही झाली, पण रेडिओच्या पट्टीवर 'कोड' असं आलं आणि आवाज बंद. मला न विचारता या गृहस्थाने बटणं दाबायला सुरुवात केली. आधी चार शून्यं, मग एक-दोन-तीन-चार. रेडिओने स्वतःला पुरतं कुलूप लावून घेतलं. त्यावर त्यानेच मला समजावलं, की बॅटरी काढली की रेडिओला वाटतं आपण चोरीला गेलो, मग तो चार आकडे मागतो. हे ज्ञान त्याला बॅटरी काढण्याआधीही होतं. जाताना तो फाटकाच्या भिंतीवर पचकन थुंकला. डाग अजून आहे.

मग सल्लागार उगवले. एकाने फ्यूज बघायला सांगितला, तो ठणठणीत निघाला. एकाने सांगितलं, तासभर किल्ली चालू ठेव म्हणजे कुलूप निघेल. ते निघालं, पण खाली पुन्हा 'कोड' होताच. शाळेतल्या एका सर्वज्ञ मित्राने रेडिओच्या मागे नंबर असतो म्हणून दोन सुऱ्या खुपसून अख्खा रेडिओ बाहेर ओढला, नंबर असायचा तो कागद फाटलेला बघितला, आणि रेडिओ तिरपा बसवून निघून गेला. डॅशबोर्डवर ओरखडे राहिले. माझ्या चहाचे दोन कप त्याने त्यात रिचवले.

शेवटी पुण्याला फोन केला, ज्यांच्याकडून गाडी घेतली त्यांना. त्यांनी मला दोनदा "काय म्हणालात?" असं विचारलं, माझ्या वऱ्हाडी बोलण्याची मजा वाटत असावी. मग म्हणाले, कोडचं स्टिकर गाडीतच चिकटवलेलं आहे, समोरच्या खणात, आम्ही सगळं व्यवस्थित ठेवतो. त्यातला 'आम्ही' मला चांगलाच झोंबला. त्या रागात मी खण उघडूनसुद्धा पाहिला नाही.

राग हे निमित्त झालं. खरं सांगायचं तर मला घाई नव्हती. गाडी आता स्वच्छ राहत होती. टरफलं नाहीत, बाम नाही. सकाळी मी थेट बसायचो आणि निघायचो. हे सुख मी आठ-दहा दिवस उपभोगलं आणि त्याबद्दल कोणाशी बोललो नाही.

वडील खोलीतून बाहेर यायचे बंद झाले. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. चहा निवून जायचा. खिडकीपाशी थांबणारी माणसं दोन दिवस काका कुठे म्हणून विचारत राहिली, मग तीही थांबेनाशी झाली. बायकोने मला नीट सुनावलं. म्हणाली, ते अर्धीच भाकर खातात, संध्याकाळी तीही नको म्हणतात, आणि तुम्ही गाडी पुसत बसता.

रविवारी मी खण उघडला. कागद, जुन्या पावत्या, एक वाळलेलं लिंबू, सगळं बाहेर काढलं. मग झाकणाची आतली बाजू पाहिली आणि अंगावर काटा आला.

दसऱ्याला गाडीची पूजा सगळेच करतात. लोक बोनेटवर स्वस्तिक काढतात. आमच्या घरी ते या खणाच्या झाकणाला आतून काढतात, कारण गाडीचे कागद तिथे असतात आणि कागदांपुढे बाकी सगळं दुय्यम, हा वडिलांचा तलाठी हिशेब. पहिल्या दसऱ्याला त्यांनी स्वतः काढलं होतं, तेलात कुंकू कालवून, बारीक रेघांनी. नजर गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. मला तेलाचा हात लागायला नको, म्हणून मी एक बोट बुडवायचो, मधोमध थापायचो आणि मोकळा व्हायचो. वडील बाजूला उभे राहून दर दसऱ्याला म्हणायचे, बाजूनं काढजो, मंधात नको. मला वाटायचं, यांना दिसत नाही आणि तरी सूचना चालू. मी मधोमधच थापायचो.

तो थर आता भाकरीएवढा जाड झाला होता. काळपट लाल, चिकट, खवट वासाचा. त्यात केस, धूळ, मेलेल्या मुंग्या, तांदळाचे दाणे. आणि त्या लगद्याखालून पांढऱ्या स्टिकरचा एक कोपरा डोकावत होता.

मी रॉकेल आणि चमचा घेऊन बसलो. खरवडताना दोनदा उठून नळावर हात धुऊन आलो. थर निघाला, पण सोबत आकडेही निघाले. राहिला तो फक्त एक सात, तोही अर्धा. इतक्या दिवसांत बॅटरीवाला, मित्र, पुणेकर या सगळ्यांची मला घाण वाटली होती, आणि ही सगळ्यांत वरची घाण माझ्या बोटाची होती. मी चमचा आपटला आणि स्वयंपाकघराच्या दिशेने ओरडलो, की नंबर गेला, आता हा रेडिओ भंगारात टाक.

"सत्तेचाळीस, बारा."

वडील दारात उभे होते. चौकट धरून, दाढी वाढलेली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा बाहेर. त्यांनी पुन्हा सांगितलं, जरा सावकाश, कोर्टात पुकारा करतात तसं. "दोन गट नंबर हायेत, म्हून ध्यानात राह्यले. सत्तेचाळीस नाल्याकडचा, बारा गावठाणाखालचा. पहिल्या दसऱ्याले वाचला होता मी तो कागद. म्हून तर तुले म्हणत होतो, बाजूनं काढ."

बरबटलेल्या बोटांनीच मी बटणं दाबली. चार, सात, एक, दोन. क्षणभर काही झालं नाही. मग एक बाई कपाशीवरच्या बोंडअळीबद्दल बोलायला लागल्या, आवाज अगदी स्वच्छ. वडिलांचा चेहरा आवाजाकडे वळला, पण ते दारातून हलले नाहीत.

मी विचारलं, "बाबा, मंग इतके दिवस सांगतलं काऊन नाही?"

"तू म्हटलं ना, रेडिओनं बॅटरी खाल्ली," ते म्हणाले. "मले वाटलं, तूनंच बंद ठेवला."

मी बंद ठेवला नव्हता. तसं सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं, कारण ते पुरतं खरं नव्हतं, आणि हे आमच्या दोघांपैकी निदान एकाला ठाऊक होतं. कपाशीचं बोलणं संपून भाव सुरू झाले. वडिलांनी हात पुढे करून तार शोधली, ती सापडली, पण पाऊल टाकायच्या आधी थांबले.

"बसू का मग?" त्यांनी मला विचारलं.