कणगीतलं मडकं

मी दारू गाळली नव्हती, हे आधीच सांगून टाकते. गाळायला भट्टी लागते, आणि आमच्या गावात भट्ट्या कुठे कुठे लागत होत्या ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मी फक्त मध पाण्यात कालवला, मडक्यात भरला आणि मडकं भाताच्या कणगीत पुरलं. एवढ्यासाठी मला सासरहून माहेरी धाडलं. माझ्या नाती आता हसत विचारतात, "आजी, तू खरंच दारू केली होतीस?" केली होती. त्यात लाजण्यासारखं काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही, आणि आज ह्या वयात मला ते कळूनही घ्यायचं नाही.

आमचं गाव कर्जतहून कोंडाण्याच्या लेण्यांकडे जाताना डोंगराच्या पायथ्याला. लढाई संपली होती, साखर मात्र अजून रेशनवरच होती, आणि जिकडे तिकडे दारूबंदीचं बोलणं चाललेलं असे. गावात दारूबंदीची समिती निघाली आणि माझे सासरे तिचे प्रमुख झाले. ते उगाच झाले नव्हते. त्यांचा पाठचा भाऊ मोहाच्या दारूपायी ऐन तारुण्यात गेला होता. तेव्हापासून सासऱ्यांनी दारूचा थेंब ओठाला लावला नव्हता. माणूस कमी बोलणारा, पण बोलला की सगळं घर गप्प. ही झाली त्यांची बाजू, आणि ती खरी आहे म्हणून मी आधी सांगितली. आता माझी.

शिमग्याला गावातले पुरुष होळीच्या माळामागे झाडाखाली प्यायला बसले. समितीतलेही काही त्यात होते. माझा नवरा कर्जत स्टेशनात इंजिनांना पाणी भरण्याच्या कामावर होता, तो सुटी काढून आला आणि त्यांच्यात जाऊन बसला. सकाळी तो डोळे लाल करून परतला तेव्हा सासूबाईंनी त्याच्यापुढे ताक ठेवलं आणि मला म्हणाल्या, "सनाची जराशी घेतली त्यानं. चालायचंच." जराशी काय घेतली, ते नाव कोणी काढलं नाही. पुरुषांनी घेतली की तिला नावच नसायचं. त्याची वास मारणारी गोधडी मात्र मी नदीवर नेऊन आपटून आपटून धुतली. धुता धुता मनात आलं, असं आहे तरी काय त्यात? आपणही एकदा पिऊन बघावी. मोहाची नको, तिचा वास मला सोसत नसे. आपल्या हातची, आपल्या आवडीची काहीतरी.

त्याच सुमाराला डोंगरावरची एक ठाकरीण दारावर मध घेऊन आली. आग्या मोहळाचा मध, मेणाचे तुकडे आणि मेलेल्या माश्या तरंगत असलेला. तांदूळ देऊन मी तो घेतला. साखरेच्या टंचाईत घरात मध आला म्हणून सासूबाई खूश झाल्या. मी थोडा त्यांना काढून दिला आणि बाकीचा बाजूला ठेवला.

मधाची दारू मला सुचली ती माहेरामुळे. खालापूरला माझे वडील शेती सांभाळून झाडपाल्याची औषधं देत, आणि त्यांच्या हातचं मधाचं आसव न्यायला लांबून माणसं येत. धायटीची लाल फुलं डोंगरउतारावरून वेचून आणायची, निवडायची, सावलीत वाळवायची, हे काम माझं. त्या फुलांनीच मधपाणी आंबतं. पुढचं मात्र मला कधी दिसलं नाही. मडकी ठेवायच्या खोलीत बायकांना मज्जाव होता, आणि मी न्हातीधुती झाल्यावर तर उंबऱ्याशीही उभं राहू देत नसत. आसव बिघडतं म्हणे. लोणच्याचंही तेच, पापडाचंही तेच, बाईची सावली पडली की सगळं जग नासतं. त्यामुळे मला सुरुवात ठाऊक होती आणि शेवट ठाऊक होता. सुरुवातीला फुलं. शेवटी, तोंडाला फडकं बांधून, चिकणमातीने लिंपून, ऊब मिळावी म्हणून भाताच्या राशीत पुरलेलं मडकं. मधे काय होतं ते कोणी सांगितलं नाही, आणि मी धरून चालले की मधे काही होतच नसेल.

सगळे शेतावर राब भाजायला, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजून तयार करायला, गेले होते त्या दुपारी मी पाणी कोमट केलं, मध ढवळला, वर आलेलं मेण काढून टाकलं, फुलं घातली. मडकं काठोकाठ भरलं. चांगला मध कशाला मागे ठेवायचा? फडकं आवळून बांधलं, वर मातीचा जाड थर दिला आणि कणगीतला भात उकरून मडकं खोल पुरलं. काही दिवसांनी भात काढायला गेले तर आतून बारीक आवाज येत होता, उंदीर कुरतडतोय असा. मी कान लावून ऐकत राहिले. लग्न होऊन आल्यापासून त्या घरात इतकी खुशीत मी कधी नव्हते.

मग एके दिवशी आमच्या ओटीवर समितीची बैठक भरली. शाळेचे मास्तर समितीचं लिहिणं-वाचणं बघत, ते आले होते. सासरे मधोमध बसले होते. मी आत चहाला आधण ठेवत होते, तेवढ्यात माजघरात धडाम आवाज झाला. मास्तर ओरडले, "बंदूक उडाली का काय?" आणि सगळी समिती पादत्राणांसकट माजघरात शिरली.

कणगीची एक बाजू फाटून भात जमिनीवर सांडला होता. त्यात खापऱ्या होत्या, भिंतीवर लाल फुलं चिकटली होती, आणि वास तर असा घमघमत होता की समितीतल्या माणसांना त्याची ओळख सांगायची गरज नव्हती.

सासूबाईंनी माझा दंड धरला आणि कानात म्हणाल्या, "औषद होतं म्हन गं. तुझा बाप वैद हाय." मास्तरांच्याही मनात तेच आलं. ते मोठ्याने म्हणाले, "आसव असणार. आसवाला समितीची हरकत नाही." सगळ्यांचे चेहरे सैल झाले. मला फक्त मान हलवायची होती. सासरे मात्र माझ्याकडेच बघत होते.

"काय होतं गं मडक्यात?"

"दारू," मी म्हणाले. "मधाची."

"कुनासाटी?"

"माज्यासाटी. मला प्यायची होती."

त्या दिवशी सुटीवर आलेला माझा नवरा भिंतीला टेकून उभा होता आणि भिंतीइतकाच बोलत होता. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने खाली बघितलं. मग माझाही तोल गेला. मी म्हणाले, "मामा, शिमग्याला झाडाखाली कोन कोन हुतं, ते बी इचारा आता." समितीतले दोघेजण एकदम खापऱ्या गोळा करायला वाकले.

सासऱ्यांनी आवाज चढवला नाही. "ह्या घरातून माजा भाऊ उचललाय," ते म्हणाले. "औषद होतं असं चार मान्सांत सांग, देवापुढं हात जोड, इषय मिटला. नाय तर उद्या गाडी जुंपतो."

मला भीती वाटली नाही असं कोणी समजू नये. गाडी जुंपली की ती परत न्यायला येईलच असं नसतं. आमच्याच आळीतली एक सून भांडून माहेरी गेली होती, ती तिथेच म्हातारी होत चालली होती. माझं घर, माझी चूल, माझा तो मुका नवरा, सगळं त्या एका शब्दावर येऊन ठेपलं होतं. पण औषध म्हणायचं म्हणजे मी आजारी होते म्हणायचं, आणि मी चांगली ठणठणीत होते. बाईला काही हवं असलं तर आधी तिने आजारी पडलं पाहिजे, हे कुठलं शास्त्र?

"गाडी जुंपा," मी म्हणाले. मग उरलेला भात गोळा करायला बसले, कारण तेही मलाच करावं लागणार होतं.

खालापूरला वडिलांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला तो भलताच. "तोंड कधी लिंपलंस?"

"लगेच."

"आणि भरलं कुठवर?"

"काठोकाठ."

ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. डोळे पुसून झाल्यावर मात्र म्हणाले, "औषध म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं, बाळ?"

"तुम्ही पण तेच म्हणा," मी म्हणाले. "तुमच्याकडे आसव प्यायला येणाऱ्या त्या दोघा दुकानदारांना रोज संध्याकाळी कसला आजार होतो हो, बाबा?" दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मडक्यांच्या खोलीचं दार उघडलं आणि मला आत बोलावलं. मी उंबरा ओलांडला. आत रांगेने आसवं होती. एकही नासलं नाही.

तिथे मला तो मधला भाग कळला. मडक्याला चौथाई रिकामी जागा ठेवायची. तोंडावर नुसतं सैल फडकं, कारण आतला वारा बाहेर पडायला हवा. रोज कान लावायचा. आवाज थांबला की पेटती वात मडक्याच्या तोंडाशी न्यायची. विझली तर काम अजून चालू आहे, तेवत राहिली तर झालं. त्यानंतर लिंपायचं. वडिलांनी हे इतक्या सहज सांगितलं, की इतकी वर्षं लपवण्यासारखं त्यात काय होतं असा मला प्रश्न पडला. मी दुसरं मडकं घातलं. माझी वात पुष्कळ वेळा विझली. मग एका सकाळी ती तेवत राहिली.

परसात पायरीवर बसून, भर दिवसा, मी पहिली वाटी प्यायले. आधी आंबट लागली, मग किंचित तुरट. गोडी सगळी गेली होती आणि मध मात्र राहिला होता, डोंगरावरच्या फुलांचा वास घेऊन. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मी आणखी अर्धी वाटी घेतली. फार छान लागली. हे मी आजही कोणालाही सांगेन.

ज्येष्ठ लागला आणि सासरे गाडी घेऊन दारात उभे राहिले. "राबात पेरायचंय," एवढंच बोलले. मला न्यायला नाही, माझ्या दोन हातांना न्यायला आले होते, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"येते," मी म्हणाले. "मडकं बी येईल."

त्यांनी बैलांच्या मानेवरचं जू सारखं केलं. "रोज पिशील?"

"नाय. पन लपून पिनार नाय."

ते नाही म्हणाले नाहीत, म्हणून मी मडकं पेंढ्यात ठेवून गाडीत चढले. रस्ता सगळा खाचखळग्यांचा. कर्जत मागे पडल्यावर तर गाडी अशी हिसके देऊ लागली की मडकं एकदा कलंडता कलंडता राहिलं. सासऱ्यांनी गाडी थांबवली. मला वाटलं, आता रस्त्यात ओतून टाकणार. मीही ओतू देणार नव्हते, मी मडक्याला हात घालून बसले.

"कासरा धर," ते म्हणाले. "माहेरी हाकायचीस नं?"

मी पुढे गेले. ते मागे पेंढ्यात बसले, मडकं दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरून. मी बैल हाकले. बरंच अंतर कापल्यावर पाठीमागून त्यांचा आवाज आला.

"माजा भाऊ लपून प्यायचा. आमी समदी म्हनायचो, त्याचं पोट दुकतं, पोटाचं औषद घेतो. आई म्हनायची, मी बी म्हनायचो. मरस्तवर त्येच म्हनत व्हतो."

मला वाईट वाटलं, आणि माझा रागही पुरता गेला नाही. मी बैल नीट चाकोरीत ठेवले.

गावाच्या वेशीवर मास्तर भेटले. समितीचे प्रमुख पेंढ्यात बसलेत आणि सून गाडी हाकतेय, हे बघून ते थांबलेच. मग त्यांना मडकं दिसलं.

"मडक्यात काय आणलंत?" त्यांनी सासऱ्यांना विचारलं. आणि स्वतःच पुढे पुरवलं, "औषध का?"

मी मागे वळून बघितलं. सासऱ्यांनी मडक्याभोवतीचे हात सोडले नव्हते.

"सुनंला इचारा," ते म्हणाले.

"दारू, मास्तर," मी म्हणाले. "मधाची. माझी."

मास्तर रस्त्यातून बाजूला झाले. मागून सासऱ्यांनी पेंढा सारखा करून मडकं पोटाशी घेतलं आणि म्हणाले, "हाक गं. सावकाश हाक, सांडंल."