कुसुम सिस्टरचं कुलूप

कुसुम गेल्याचं मला कळलं ते फोनवर. म्हणजे कुणी फोन करून सांगितलं असं नाही. सकाळी एका ब्लाऊजला हुक लावत बसले होते, तेवढ्यात आमच्या आळीच्या ग्रुपवर तिचा फोटो आला. भोवती गुलाबांची चौकट, खाली जोडलेले हात, आणि एक ओळ... ‘गोरगरिबांच्या लेकींची माउली हरपली.’ पाठवणारे कोण, तर आळीतले एक घरमालक. नाव कशाला घेऊ, सगळे आप्पा म्हणतात तेवढं पुरे. ह्याच आप्पांनी कुसुमला आपल्या ओट्यावरून माझ्या डोळ्यांदेखत परत पाठवलं होतं. एकदा नाही, दर जूनला. आणि आता माउली म्हणे! सुई बोटात गेली तरी मला कळलं नाही. खरं म्हणजे आधी रडू यायला हवं होतं. आली ती शिसारी.

पुढे देवळाच्या मंडपात शोकसभा झाली. एकेक जण उठून बोलत होता. एक बाई म्हणाल्या, “सिस्टर आमच्याकडे अगदी हक्काने यायच्या.” यायची ना, बाई, नक्की यायची. पण तुमच्या पायरीच्या वर तिला कधी बोलावलंत का, ते सांगा की! आप्पा तर डोळे पुसत होते. मी हे सगळं मनात म्हणत होते, तेवढ्यात कुणीतरी मला पुढे ढकललं, “मावशी, तुमची जुनी मैत्रीण, दोन शब्द बोला.” आणि मी बोलले. गोड गोड बोलले. तिचा चहा, तिची छत्री, तिचं हसणं. खाली बसले तेव्हा तोंडाची चव गेली होती. आप्पांच्या रांगेतच बसले होते मी, आणि माझी जागा तीच होती. मी सातवी शिकलेली बाई, पुढचं शिक्षण वाचनालयाच्या पुस्तकांवर आणि शिवायला टाकणाऱ्या बायकांच्या गप्पांवर झालं. मला भाषण जमत नाही. पण त्या दिवशी जे बोलले नाही ते लिहून तरी टाकावं, म्हणून दीड महिन्याने ही वही घेतली.

कुसुम नर्स होती. मोखाड्याच्या वर, सूर्यमाळच्या बाजूला उपकेंद्रावर तिची नोकरी. जीप जाईल तिथपर्यंत जीप, पुढे पायी. एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जायचं म्हणजे एक डोंगर उतरायचा नि एक चढायचा. त्या सगळ्या भागातली किती पोरं तिच्या हातावर जन्मली असतील, तिचं तिलाच माहीत. रिटायर झाल्यावर ती आमच्या जव्हारला एसटी डेपोच्या मागे एका खोलीत राहायला आली. आणि झालं काय, की ती तिच्या हातावरची पोरं एव्हाना बारावी होऊन कॉलेजला यायला लागली होती. वसतिगृहाची यादी लागते ती दिवाळीच्या तोंडावर, आणि कॉलेज सुरू होतं पावसाळ्यात. मधले महिने पोरींनी राहायचं कुठे? तर सिस्टरकडे. तिच्या एका खोलीत एकदा सात पोरी झोपत होत्या, आणि ती स्वतः दाराच्या उंबऱ्याला डोकं लावून. मग ती त्यांना घेऊन आळ्या-आळ्यांतून खोल्या शोधत हिंडायची.

तिच्या पिशवीत कायम एक पितळी कुलूप असायचं. मी विचारलं, “हे कशाला गं वागवतेस?” तर म्हणाली, “मी पहिल्यांदा नोकरीवर आले ना, तेव्हा एकाने सकाळी खोलीला हो म्हटलं. संध्याकाळी सामान घेऊन गेले तर कडीला त्याचं कुलूप. दुपारभरात त्याने माझी चौकशी केली होती.” तेव्हापासून तिची रीत ठरली. मालकाच्या तोंडून ‘हो’ निघालं, की शब्द वाळायच्या आत पिशवीतून कुलूप काढायचं, कडीला घालायचं, दोनदा खाली ओढून बघायचं आणि म्हणायचं, “झाली खोली.” आडनाव त्यानंतर. आणि कुलपाच्या दोन्ही चाव्या पोरीच्या हातात. मालकाला एकही नाही. “का म्हणून?” असं कुणी विचारलं तर म्हणायची, “पोरी वर्गात गेल्या की तुम्ही आत जाऊन त्यांच्या पातेल्यांची झाकणं उघडता, म्हणून.” पोरीने सवडीने स्वतःचं कुलूप घेतलं, की हे पितळी परत पिशवीत.

मी पुष्कळदा तिच्याबरोबर हिंडले आहे, त्यामुळे जव्हारच्या ओट्यांवर काय काय ऐकू येतं ते मला पाठ आहे. एक म्हणाला, “यांना पाणी फार लागतं हो.” कुसुमने तिथल्या तिथे ऐकवलं, “ही सूर्यमाळची पोर आहे. मे महिन्यात एका हंड्यात घर चालवते. पाणी तुमच्या सुनेला लागतं, तिला सांगा!” आतून सून हसलेली आम्ही ऐकली. एक बाई म्हणाल्या, “सुकटीचा वास येतो, आमच्या देवघराला चालत नाही.” ह्याच बाई बाजाराच्या दिवशी सुकटवालीशी घासाघीस करताना मी बघितल्या आहेत, आणि पिशवी कशी पदराखाली धरून नेतात तेही. आणि आप्पा! आप्पांनी मागच्या दोन खोल्यांचं होमस्टे केलं. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी. सगळ्या भिंतींवर गेरू फासून पांढरी वारली चित्रं काढून घेतली, तारपा वाजवणारा, भोवती फेर धरलेल्या पोरी. त्याच भिंतीखाली फेरातल्यासारखीच एक पोर, पाठीवर दप्तर घेऊन उभी होती, आणि आप्पा तिला सांगत होते, “आम्ही फॅमिलीलाच देतो.” कुसुम त्या भिंतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “ह्यांना भाडं लावलंत का, आप्पा? एवढ्या जणी राहतात तुमच्याकडे.” आप्पांना ते कळलं नाही. किंवा कळलं असेल... हसले मात्र.

हे लिहिताना मलाच बरं वाटायला लागलं आहे, आणि तिथेच मला माझी किळस येते. कारण आप्पांची गोष्ट सांगणं सोपं आहे.

माझ्या घराला मागच्या बाजूने एक खोली आहे. वेगळं दार, वेगळी मोरी. ह्यांच्या मागे मी एकटी, खोली रिकामीच. आठ वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये एका दुपारी दारात एक पोर आली. अंगावर धुवट पंजाबी ड्रेस, हातात पत्र्याची पेटी. सोबत कुणी नाही. “सिस्टरनी पाठवलं. त्या कॉलेजात फॉर्मच्या लायनीत हायत, मागून येतात. खोली हाय म्हणून सांगितलं.” नाव रंजना, सूर्यमाळची, पहिल्या वर्षाला आलेली. मी तिला पाणी दिलं. चांगली वाटली मला पोर, खोटं नाही सांगत. आणि तरी तोंडातून निघालं, जसं आमच्याकडे सगळ्यांच्या निघतं, अगदी प्रेमाने, “कुणातल्या गं तुम्ही?”

ती म्हणाली, “आमी खालच्यातल्या.”

किती साधेपणाने म्हणाली! आणि माझ्या मनात काय झालं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी हातातला रिकामा पेला बघितला. तिने तोंड लावलेला. आणि म्हणाले, “अगं बाई... खोली तर कालच गेली.” ती ‘बरं’ म्हणाली. पेटी उचलली. पायरी उतरताना वळून म्हणाली, “पानी गार होतं, मावशी.”

आता ऐका, मी पुढे काय केलं. कुसुम येऊन बघेल नि खोली रिकामी दिसेल, म्हणून त्याच दुपारी मी त्या खोलीत सामान भरलं. मोडकी खाट, बंद पडलेलं जुनं मशीन, चिंध्यांची पोती. घाम गाळून भरलं. बोललेलं खोटं खरं करण्यासाठी माणूस किती राबू शकतो, ते मला त्या दिवशी कळलं.

कुसुम संध्याकाळी आली. खोलीत डोकावली, पोती बघितली, आणि मला विचारलं, “काय विचारलंस तिला?” मी सांगितलं. तिने काय उत्तर दिलं तेही सांगितलं. कुसुम कपाळावर हात मारून ओट्यावर बसली. “अगं, त्यांच्या गावात दोन पाडे आहेत. टेकाडावरचा तो वरचा पाडा, ओढ्याकडचा तो खालचा. कुणातली म्हटल्यावर पोरीने पाड्याचं नाव सांगितलं. तुझा प्रश्न तिला कळलासुद्धा नाही.” आणि मला काय वाटलं असेल? मला बरं वाटलं! सुटल्यासारखं झालं. मी म्हणाले, “हात्तिच्या, असं होय! मग बोलाव तिला, पोती काढते मी.”

कुसुम म्हणाली, “आणि तुला वाटलं तेच खरं असतं, तर? तर पोती बरोबर होती?”

  रंजना तर कुसुमकडेही न जाता दुपारच्या जीपने परत गेली होती. तुझं दार हे सहावं होतं, असं कुसुम म्हणाली. सहाव्यानंतर पोरीने सातवं बघितलंच नाही. कॉलेज राहिलं ते राहिलंच. दिवाळीनंतर ती बांधकामावर भिवंडीकडे गेल्याचं कळलं. कुसुम महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मग एक दिवस आली आणि चहा मागितला. तिने तो विषय पुन्हा काढला नाही, आणि मी ती पोती काढली नाहीत. आठ वर्षं. लाजेने काढली नाहीत म्हणावं, तर तेही मला फार चांगलं चांगलं वाटतं. ती खोली उघडायलाच नको वाटायचं, एवढंच खरं.

तिची माझी शेवटची भेट चैत्रात झाली, तिच्या खोलीत. आजार हाडांपर्यंत गेला होता, उठवत नव्हतं. उशाखालून तिने पितळी कुलूप काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. “रंजनाची धाकटी बहीण बारावी झाली. हिरा. तीही माझ्या हातावरचीच. जूनमध्ये येईल. तुझी खोली रिकामी कर.”

मी म्हणाले, “बघते.”

तिला हसू आलं, मग ठसका लागला. “बघते? ह्या भागात चाळीस वर्षं ‘बघतो-बघते’ ऐकलंय मी. त्याचा अर्थ मला नको शिकवूस.” मी म्हणाले, “अगं, तसं नाही...”  माझं ‘बघते’ तसंच ठेवून ती गेली.

शोकसभेहून घरी आले आणि साडीसुद्धा बदलली नाही. मागचं दार उघडलं. पोत्यांत उंदरांनी घरं केली होती. त्यांना राहायला दिली होती मी जागा, आडनाव न विचारता! दोन दिवस लागले. मशीन भंगारवाल्याला दिलं, खाट जाळली, भिंतीला चुना काढला. चांगलं काम केल्यासारखं मुळीच वाटत नव्हतं. उलट ती खोली जसजशी मोकळी दिसायला लागली, तसतशी जास्त चीड आली... एवढंच तर करायचं होतं. दोन दिवसांचं काम.

जूनमध्ये दोघी बहिणी आल्या. रंजना आता भरली आहे अंगाने, हात राठ झालेत, बोलण्यात मधूनच हिंदी येतं. ती खालीच उभी राहिली. पायरीला पाय लावला नाही. मी ‘ये’ म्हटलं, पाण्याचा तांब्या पुढे केला. तिने तांब्याकडे बघितलं नाही. म्हणाली, “मावशी, खोली हाय, का गेली?”

मी म्हणाले, “आहे.”

“पूछना हाय तर आत्ताच पूछो. मागून नको.”

“काही विचारायचं नाही.”

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. माफ केल्याचं त्या बघण्यात काही नव्हतं, आणि का असावं? मग हिराला म्हणाली, “जा गं, पेटी ठेव.” आणि स्वतः तिथूनच डेपोकडे चालायला लागली, दुपारची जीप गाठायला. पाणी तसंच राहिलं.

मी दोन्ही चाव्यांसकट कुलूप आणून हिराच्या हातात दिलं. पोर हसली. “सिस्टरचं हाय ना? आमच्या पाड्यावर सगळ्यांना म्हाईत हाय.” तिने कडीला घातलं, दाबलं, आणि दोनदा खाली ओढून बघितलं. “झाली खोली” हे शब्द ती म्हणाली नाही. मीही म्हणाले नाही. तो हक्क कुसुमचा. मग एक चावी तिने गळ्यातल्या दोऱ्यात ओवली आणि दुसरी माझ्यापुढे धरली. “ही तुमाला पायजे का, मावशी?”

मी म्हणाले, “नको. दोन्ही तुझ्याकडे ठेव.”

रोज सकाळी मी मशीनवर बसलेली असते आणि मागून आवाज येतो. एकदा ओढल्याचा, पुन्हा एकदा ओढल्याचा. मग हिरा कॉलेजला जाते. माझ्याच घरातलं ते एक दार आता मला उघडता येत नाही.