कबुतराआधी फोटो

कौसाकाकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी परळीत दुकान उघडत होतो. मेंदूत रक्तस्राव... गावाकडे, सिरसाळ्याच्या वाटेवर रडू येण्याआधी राग येत होता, आता लोक काय बोलणार याचा. आणि झालंही तसंच. स्मशानातून परतताना शेजारचा बंकट म्हणालाच, "जल्मभर डोस्क्याचा फोटो, फोटो केलं. तिचा तर लगीच काढलाता. काय उपेग झाला?"

आमच्याकडे एक बाजू लुळी पडली की ‘वारं गेलं’ म्हणतात. दारं-खिडक्या लावायच्या, माणसाला घोंगडीत गुंडाळायचं आणि कबुतराचं रक्त चोळायचं. काकांना असंच चोळलं होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, मेंदूत गुठळी आहे, पहिल्या काही तासांत आणलं असतं तर औषध देता आलं असतं. काका पुन्हा बोलले नाहीत. काकू मात्र त्या दिवसापासून सगळ्या गावाशी भांडायला उभी राहिली.

माझ्या वडिलांचं तोंड वाकडं झालं तेव्हा कबुतर अंगणात आलंही होतं. त्यात हा बंकट शहाणपणा करून रक्त पातळ करायची गोळी घेऊन आला. काकूनं ती त्याच्या हातातून काढून घेतली. "आत गुठळी हाय का नस फुटलीया, तुला दिसतंय का? फुटली असंल तर या गोळीनं मरंल की माणूस. आधी फोटो." दिराला घरच्या जीपमध्ये घालून तिनं अंबाजोगाईचं हॉस्पिटल गाठलं. स्कॅनमध्ये रक्त सांडलेलं नव्हतं, म्हणून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता आलं. वडील आज अडखळत का होईना, बोलतात.

काकूच्या स्वतःच्या स्कॅनमध्ये मात्र रक्त दिसलं, खूप सांडलेलं. तेच इंजेक्शन तिला दिलं असतं तर ती तिथंच गेली असती. फोटो खरं सांगतो, प्रत्येकाला वाचवतोच असं नाही. हे मी बंकटला चढ्या आवाजात सांगितलं, पण त्याला पटलं नव्हतं. काकूचं सगळं भांडण तिच्याच मरणानं पाण्यात जातंय की काय, ही धास्ती तेव्हापासून मनात होती...

मागच्या आठवड्यात बंकटच्या आईचा हात लुळा पडला. कबुतर आणायला माणूस गेलाच. आम्ही समजावून थकलो, बंकट ऐकेना. तेवढ्यात कधी कुणाशी वाद न घालणारे माझे वडील उठले आणि जीपच्या पुढच्या सीटवर जाऊन बसले. ही खोड काकूची. बोलून भागलं नाही की ती अशीच जीपमध्ये जाऊन बसायची.

"आण तिला," वडील अडखळत म्हणाले. "तवर मी उतरत न्हाई."

बंकटनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मग आत जाऊन त्यानं आईला उचललं.