तालुका न लिहिलेलं कार्ड

बापू गेल्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात घरी मेथी निवडत बसलो होतो. "भावजी, ह्ये गेलं..." वहिनींना पुढं बोलता आलं नाही. बापूच्या गावी पलूसला मातीला जाऊन आलो. माणूस परत येतो, आंघोळ करतो, लाज वाटते पण दोन घास जेवतोसुद्धा. मग दशक्रियेच्या आदल्या दिवशी पोस्टमननं माझ्या हातात एक कार्ड ठेवलं. अक्षर बापूचं! मी उंबऱ्यातच बसलो. त्या कार्डाकडं नंतर येतो. आधी बापू कसला माणूस होता ते सांगायला हवं, नाहीतर मला काय झालं ते कुणाला कळायचं नाही.

आमची दोस्ती सांगलीच्या कॉलेजातली. बापू पुढं साखर कारखान्यात केमिस्ट झाला आणि निवृत्तीनंतर त्यानं जुन्या पोस्टकार्डांचं खूळ घेतलं. तेही मजकुरासाठी नव्हे. कुणाला मुलगी झाली, कुणाची म्हैस मेली, याच्याशी त्याला काडीचं घेणं नव्हतं. त्याला हवे असायचे शिक्के, तेही पुसट, अर्धवट, कुणाला न कळणारे. कार्डाला हात लावायच्या आधी मला हात धुवायला लावायचा. धुतले की म्हणायचा, "पूस. कोरडं पूस गड्या, ह्ये काय जेवणाचं ताट न्हाई." मी चिडायचो. मग तो भिंग डोळ्याला लावून बसायचा आणि मी आलोय हे तासभर विसरायचा. वहिनी चहा ठेवून जायच्या, तो गार व्हायचा.

एकदा कराडला एका शाळेत त्यानं आपली कार्डं प्रदर्शनात मांडली होती. तिथं उंब्रजच्या हौसाक्का आल्या. वय झालेलं, कपाळावर ठसठशीत कुंकू. पदराच्या गाठीतून प्लॅस्टिकच्या पिशवीतलं कार्ड काढलं. नवरा फौजेत होता. लग्नानंतर थोड्याच दिवसांत लढाई लागली आणि तो गेल्याची तार आली. देह काही घरी आला नाही. बायका कुंकू पुसायला जमल्या, बाई हात धरून अडून बसली, आणि त्यानंतर काही दिवसांनी हे कार्ड आलं! नवऱ्याच्याच हातचं. फौजेच्या टपालाचा शिक्का सगळा फरकटलेला, उंब्रजचा मात्र स्वच्छ, तारेनंतरचा. "तार खोटी व्हती," ती बाई जन्मभर म्हणत आली. कार्डावर आणखी एक अर्धवट चौकोन होता, तो कुणालाच वाचता येत नव्हता. "त्यो कुठला त्येवडं सांगा. थितं जाऊन इचारते," ती म्हणाली. बापूनं हात कोरडे पुसले आणि कार्ड घेतलं.

पुढं त्याचा फोन आला. आवाज पडलेला. त्या चौकोनाची एक कड तुटकी होती, आणि तशीच तुटकी कड असलेला चौकोन त्याला त्याच्याच संग्रहातल्या जुन्नरच्या एका कार्डावर सापडला होता. चुकून भलत्याच गावाला गेलेल्या टपालावर मारायचा तो शिक्का. जुन्नर तालुक्यातही एक उंब्रज आहे. जवानानं नुसतं 'मु. पो. उंब्रज' लिहिलं होतं. आपल्याकडं लिहितातच तसं, आपलं गाव अख्ख्या मुलखाला ठाऊक असल्यागत! तालुका नाही, जिल्हा नाही. कार्ड त्या उंब्रजला गेलं, तिथं पडून राहिलं, मग फिरून इकडं आलं. उशीर झाला तो वाटेत, लिहिलं होतं तारेच्या आधी.

कराडच्या स्टँडवर आमचं कडाक्याचं भांडण झालं. "शिक्का वाचता येत नाही म्हण ना! कुणाचं काय बिघडतंय?" मी ओरडलो. माणसं बघायला लागली. बापू म्हणाला, "तिनं मला इचारलंय. खोटं सांगायला गावात ढीगभर माणसं हायती." उंब्रजच्या एसटीत तो कार्डाची पिशवी मांडीवर सपाट धरून बसला.

हौसाक्कानं सगळं ऐकून घेतलं. पापणी हलवली नाही. मग म्हणाली, "म्हंजी तार खरी."

"व्हय आक्का. तार खरी."

बाहेर कुणाचं तरी दळण निघालं होतं, गिरणीचा आवाज येत होता. आमच्या भागात वाईट बातमीचं कार्ड घरात ठेवत नाहीत, वाचलं की फाडतात. तिनं ते कार्ड बापूपुढं धरलं. "तुमीच फाडा. माज्या हातनं व्हायचं न्हाई." कार्डाला घडी पडली तरी खेकसणारा माझा दोस्त... त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "आक्का, ह्ये वाईट बातमीचं कारड न्हाई. जित्या माणसानं लिवलंय ह्ये." आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कार्डाचा मजकूर वाचला, मोठ्यानं. थंडी लय हाय. कालवडीला जपा. घर गळत असंल तर कौलं बदलून घ्या, मी सुट्टीला आलो की बगतो. हौसाक्का तोंडात पदर घालून रडली. आम्ही निघालो तेव्हा कार्ड तिच्या मांडीवर होतं आणि कुंकू कपाळावर.

आता बापूचं कार्ड. "कंदी पेढे आणू नको, साखर वाढलीय. जन्म साखरेत गेला, आता डॉक्टरला काय सांगणार! रविवारी ये. नवा शिक्का घावलाय, तुला ओळखतो का बघू." पत्त्यात मुक्काम सातारा, तालुका सातारा, जिल्हा सातारा, सगळं न चुकता. पोस्टाचा शिक्का तेवढा पुसट. तारीख लागत नाही. आणि मी, सगळं ठाऊक असलेला शहाणा, उंबऱ्यात बसून ती तारीखच शोधत होतो. त्याच्या तिरडीला खांदा दिलेला माणूस मी! हौसाक्का तेव्हा कळली.

दशक्रियेला वहिनींनी बापूचं भिंग डबीसकट माझ्या हातात दिलं. "तुमीच ठेवा भावजी, हितं कोण बगतंय." भिंग लावलं तर तारीख दिसेल, मला माहीत आहे. डबी अजून उघडलेली नाही. सकाळी हात धुतो, कोरडे पुसतो, आणि नुसता मजकूर वाचतो.