घोट्यांवर बसण्याचं काम

मिस टलॉक आयुष्यात एकदाच वर्तमानपत्रात झळकल्या, त्याही आडव्या. एकोणिसाव्या वर्षी क्लॅरेंडनच्या मैदानावर शंभर मीटर धावताना ऐंशीव्या मीटरला त्यांचा मांडीमागचा स्नायू टर्रकन फाटला, आणि छायाचित्रकार नेमका समोर उभा होता. तेव्हापासून बाईंनी जगातल्या यच्चयावत मांड्यांची काळजी वाहायला घेतली.

शाळेच्या धावपटू मुलींना त्या रोज गुडघ्यांवर उभं करत. मागून कुणीतरी घोटे दाबून धरायचे आणि मुलीनं कंबर न मोडता हळूहळू पुढं झुकत जायचं. छाती गवताला टेकेपर्यंत सगळा भार मांडीमागच्या स्नायूनं पेलायचा. मुली याला ‘प्रार्थना’ म्हणत, कारण त्या वेळी देवाचं नाव आपोआप तोंडात येई. सहा वर्षांत एकीचीही मांडी फाटली नाही.

तेच बाईंना भोवलं.

“इथं कुणाला काही होतच नाही,” मुख्याध्यापक लिंडो म्हणाले, “मग दुखापत टाळायला माणूस कशाला?”

“सर, मी आहे म्हणून होत नाही.”

“माझ्या न्हाणीघरात मगर नाही, मिस टलॉक. म्हणून काय मी मगर हाकलायला गडी ठेवलाय?”

प्रशिक्षक हिबर्ट खो खो हसले. त्यांची सारी श्रद्धा उकडलेल्या कंदावर आणि मालिशीवर. “ही बाई पोरींना दमवते. यंदा प्रार्थना बंद! करताना सापडेल ती संघाबाहेर.”

ठरलं ते असं: किंग्स्टनच्या शालेय स्पर्धेपर्यंत एखादी मांडी फाटली तर मिस टलॉक पुन्हा मैदानावर. नाही फाटली, तर कायमच्या शिवणवर्गात.

आता बाईंची पंचाईत बघा. ज्या मांड्या तळहातावरच्या फोडासारख्या जपल्या, त्यांतली एक फाटावी म्हणून देवाला साकडं घालायची पाळी आली. रविवारी चर्चमध्ये त्यांनी मागितलं, ‘फार नको, थोडीशीच. दोनशे मीटरवाली केमेशा असली तरी चालेल.’ मग त्यांना लाज वाटली. पुढच्या गाण्याला त्यांनी देवाला परत आठवण करून दिली.

किंग्स्टनला केमेशा धावली. सगळं मैदान तिच्या वेगाकडे बघत होतं, मिस टलॉक फक्त डाव्या मांडीकडे. मांडी वळणावरून सुखरूप आली, सरळ रेषेत सुखरूप गेली आणि पहिली आली.

पदक गळ्यात घालून पोरगी धावत आली, बाईंना बिलगली. “मिस, कुणाला सांगायचं नाही हं! मी प्रार्थना सोडलीच नाही. रोज पहाटे करते. आजी बसते ना घोट्यांवर. बसल्या बसल्या तुरीच्या शेंगासुद्धा सोलते!”

बाई क्षणभर घुटमळल्या. क्षणभरच. मग तडक लिंडोंकडे गेल्या. “सर, पुरावा सापडला! केमेशा रोज पहाटे प्रार्थना करते, म्हणून तिची मांडी फाटली नाही.”

शेजारीच उभ्या असलेल्या हिबर्टनी अमेरिकेला जाणाऱ्या रिले संघाच्या यादीतून तिथल्या तिथं केमेशाचं नाव खोडलं. “बंदी असताना केलं म्हणजे केलं.” पोरीनं अजून विमान आतून पाहिलं नव्हतं. लिंडो मात्र विचारात पडले, आणि हळूहळू त्यांचा चेहरा उजळला.

“म्हणजे हे काम एक म्हातारी करू शकते? शेंगा सोलता सोलता?”

सोमवारी आजी संघाचा टीशर्ट घालून मैदानावर हजर! प्रार्थना पुन्हा सुरू झाली. मिस टलॉकना बोलावलं ते शिवणवर्गाला जाण्याआधी काम समजावून द्यायला. बदामाच्या झाडाखाली केमेशा मांडीवर बूट घेऊन बसली होती.

“वजन पुढं टाकू का मागं, बाई?” एका मुलीच्या घोट्यांवर बूड टेकत आजीनं विचारलं.

“मागं. आणि टाचा निसटू द्यायच्या नाहीत.”

“टाचा कुठं जातायत! पण माझ्या नातीची चहाडी कुणी केली हो? सापडू दे मेला. त्याच्या घोट्यांवर नाही, नरड्यावर बसते.”

केमेशानं मान वर करून मिस टलॉककडे पाहिलं.

“थोडं आणखी मागं सरका,” मिस टलॉक आजीला म्हणाल्या.