गुरवाची टाळी

बोर्लीजवळच्या आमच्या गावच्या देवराईत शिरताना गुरव आधी वहाणा काढायचा आणि मोठ्याने टाळी वाजवायचा. "आपून पाव्हनं. घरवाल्यांना कळवाया नको?" म्हणायचा. मग वर धनेशाचे जड पंख सळसळत, शेकरू फांद्या हलवत पळे. ती गडबड निवळली की मगच तो मला आत नेई. आत सुकी काटकीही उचलू देत नसे.

मुंबईहून आगबोटीने आलेल्या कोळशाच्या ठेकेदाराला ती झाडं हवी होती. गावाने देवाला कौल लावायचं ठरवलं. गुरवाने मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार. गाभाऱ्यात तो एकटाच होता, आम्ही सगळे बाहेर. बऱ्याच वेळाने तो आला आणि खाली बघत म्हणाला, "उजवी पडली."

पुढे एकदा मला राहवलं नाही. "दादा, डावी पडली म्हणाला असतात तर कुणाला कळलं असतं?"

"ज्याला इचारला, त्याला न्हाय कळायचा?"

परवा त्याच्याबरोबर तिकडे गेलो. नुसते खुंट उरलेत. तापलेल्या मातीवर त्याने वहाणा काढल्या, टाळी वाजवली आणि मान वर करून उभा राहिला. वर काहीच हललं नाही, आणि तो पाऊल पुढे टाकीना.